समोरच्या चाळीतल्या मावशींना

प्रिय मावशी,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "गप गं" म्हणून चहाचं आधण ठेवलं असतंत. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय.

वरळीची आमची बीडीडी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा मला वाटलं होतं, १६० चौरस फुटांची खोली, त्यात सामान असून असून किती असणार? एका शनिवार-रविवारी टेम्पो भरून मोकळं होऊ. तुम्ही दारातूनच वर माळ्याकडे बघितलंत. "दोन महिने आहेत ना हातात? मग रोज एक खोका. तुझ्या आईला एवढंच झेपेल."

आधी माळा. लागत नाही ते पहिलं, रोजचं ते शेवटी. पितळेचे डबे, गणपतीचं मखर, बहिणीच्या लग्नातले न वापरलेले डिनरसेट. ताटल्या आडव्या एकावर एक न रचता उभ्या लावायच्या, म्हणजे धक्क्याने फुटत नाहीत, हे तुम्ही दाखवलंत. काचेला वर्तमानपत्र नको, शाई लागते. आईच्या जुन्या सुती साड्या फाडल्या. पुस्तकं लहान खोक्यांत, कारण मोठा खोका भरला की उचलायला दोन माणसं लागतात. प्रत्येक खोक्यावर आकडा आणि आत काय आहे ते शंभर पानी वहीत. कागदपत्रांची पिशवी मात्र पहिल्याच दिवशी वेगळी काढलीत. आजोबांच्या नावाच्या भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड. पुढे ५०० चौरस फुटांचं घर मिळायचं ते या कागदांवर. ती पिशवी टेम्पोत जाता कामा नये, हे तुम्ही तीनदा बजावलंत.

कॉटखालच्या बाबांच्या पत्र्याच्या पेटीला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. मी दोनदा ओढली, दोनदा तुम्ही आत सरकवलीत. "तिला उघडू दे." बाबांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. तेवीस खोके भरले, भिंती उघड्या पडल्या, पेटी तिथेच. मग एका संध्याकाळी आईनेच ती बाहेर घेतली. गिरणी संपाआधीचं, बदली कामगार म्हणून मिळालेलं कार्ड, भजनाचे टाळ, चष्म्याच्या तीन फ्रेमा. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात. त्या दिवशी एकही खोका भरला नाही. दोन दिवसांत घर उरकायला निघालेली मी, आईची ती संध्याकाळ हिरावून घेतली असती. मावशी, माझे खरे आभार त्या संध्याकाळचे आहेत.

देव आईने मांडीवरच आणले. शेवटचा खोका तुम्ही सांगितलात तसाच भरला होता: शेगडी, पातेलं, गाळणी, चहा-साखर, काडेपेटी. भाड्याच्या या खोलीत तोच पहिला उघडला. दूध उतू घातलं आणि आई म्हणाली, "तिला फोन लाव."

तुमची चाळ पुढच्या टप्प्यात आहे. वही मी जपून ठेवलीय, निम्म्याहून जास्त कोरी आहे. नोटीस लागली की कळवा. तुमचे गुडघे दुखतात, माळ्यावर मी चढेन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची धाकटी