तो ढीग काय होता ते आता कधीच कळणार नाही

संपादक साहेब,

गेल्या मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका काजूच्या डोंगरीवर जेसीबी लागला. प्लॉटसाठी की रस्त्यासाठी ते शेवटपर्यंत कोणी धड सांगितलं नाही. डोंगरीच्या माथ्यावर दगडांचा एक ढीग होता, कमरेएवढाच उंच, पण त्याच्या भोवतीनं मोठे, न घडवलेले दगड गोल लावल्यासारखे. लहानपणी काजूच्या बिया गोळा करायला जायचो तेव्हा आजी तिथून वळसा घालून न्यायची, "राखणदाराची जागा ती, पाय लावूं नको" एवढंच म्हणायची. सकाळी मशीन आलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जागा सपाट झाली, दगड ट्रकात भरून गेले पण.

आता तो ढीग म्हणजे कोणी बागायत साफ करताना रचलेले दगड होते, हद्दीची खूण होती, का दोन-अडीच हजार वर्षांमागचं कोणाचं तरी दफन होतं? मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळायचा मार्ग राहिला नाही, हेच मला खुपतं. मी विचारलं तर एकजण म्हणाला, "असलं तरी सोनं थोडंच निघणार होतं!"

सोन्याचा प्रश्नच नाही हो. आपले लोक सुट्टीत हंपीला जातात, मडगावहून ट्रेन पकडून होस्पेटला उतरतात, दोन दिवस देवळं बघून परत येतात. तिथून साधारण 35 किलोमीटरवर, गंगावतीच्या जवळ हिरेबेनकल हे शिळांच्या जुन्या दफनांचं ठिकाण आहे, तिथं मात्र कोणी जात नाही. मी दोन वर्षांपूर्वी पुतण्याला घेऊन गेलो. डोंगर चढून वर गेलं की सपाट शिळा उभ्या करून, वर एक शिळा ठेवून केलेल्या खोल्याच खोल्या, काहींना समोरच्या शिळेत गोल भोक पाडलेलं. सगळी मिळून 400 च्या आसपास बांधकामं आहेत, काळ इ.स.पूर्व 800 ते 200 चा सांगतात. एका खडकावर अर्ध्या गोळ्यासारखा एक प्रचंड धोंडा आहे, तो बडवला की नगाऱ्यासारखा आवाज लांबपर्यंत जातो. तिथले लोक त्या डोंगराला मोरियर गुड्डा म्हणतात, मोरियर म्हणजे बुटके लोक, त्यांनीच ही घरं बांधली असं मानतात. तमिळनाडू-केरळात अशाच जुन्या दफनांना पांडुकुळी म्हणतात, म्हणजे पांडवांच्या नावावर. मला वाटतं आमच्या आजीचा राखणदार त्याच नात्यातला. इतकी वर्षं जागा शाबूत राहिली ती त्या भीतीमुळेच, आता भीती गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

विदर्भात तर अशा दफनांच्या जागा याहून जास्त आहेत. नागपूरजवळ जुनापाणीला 300 च्या आसपास शिळावर्तुळं आहेत, मधे खडी आणि काळ्या मातीचा ढिगारा, खाली हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडाच्या कुऱ्हाडी. वर्तुळातल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे खड्डे कोरलेत, ते कशासाठी ते अजून कोणाला खात्रीनं सांगता आलेलं नाही. माहूरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी खोदकाम केलं तेव्हा माणसांबरोबर घोडेही निघाले, त्यांच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने. विचार करा, कोणीतरी आपल्या माणसाबरोबर त्याचा सजवलेला घोडासुद्धा पुरला! आणि नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, म्हणजे ती हत्यारं घडवणाऱ्यांचं कामच हाती लागलं.

पण हे सगळं कळतं ते वस्तूंवरून नाही, वस्तू कुठल्या थरात होत्या त्यावरून. 1947 साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला खोदलं, तिथं सगळ्यात खाली दगडी कुऱ्हाडीवाल्यांचा थर, त्यावर या शिळांच्या दफनांच्या लोकांचा, त्यावर सातवाहन काळातला, आणि त्या वरच्या थरात अशी भांडी मिळाली जी पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला रोमन मालाबरोबर मिळाली होती. रोमन मालाचा काळ माहीत होता, म्हणून वरच्या थराचा काळ लागला, आणि त्यावरून खालच्या दफनांचा. कोळसा मिळाला तर आता कार्बनवरूनही वय काढता येतं, पण तो कोळसा कुठल्या मडक्याशेजारी होता ते माहीत हवं ना. जेसीबीचं बकेट एकदा फिरलं की वरचं खाली, खालचं वर, मग मडकं म्युझियममध्ये नेऊन ठेवलं तरी ते मुकंच.

आपल्या गोव्यात असं काही नसेलच असं समजू नये. सांगे तालुक्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळची कातळशिल्पं, बैल, हरणं, मोर, तो गोल गोल चक्रव्यूह, हे सगळं 1993 साली सरकारी खात्याच्या नजरेस आलं ते गावातल्या लोकांनी दाखवलं म्हणून. त्याआधी ते तिथंच होतं, हजारो वर्षं, आणि त्या दगडावर एक चिरेखाण सुरू झाली असती तर संपलंच असतं.

संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी असते, त्यापुढे 200 मीटर परवानगी लागते, पण ज्याची नोंदच नाही त्याला यातलं काहीच लागू होत नाही. आणि खोदताना काही निघालं तर कळवायचं असतं, ट्रेझर ट्रोव्हचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंचा, कायदा 1878 सालचा आहे, दहा रुपयांवर किमतीची वस्तू निघाली तरी कलेक्टरला कळवायची, हे किती कॉन्ट्रॅक्टरांना माहीत असेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. डोंगर कापायची परवानगी देण्याआधी पंचायतीनं गावातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना आणि एखाद्या धनगराला त्या जागेवर न्यावं, राखणदाराची, पांडवांची, कोणाचीही म्हणून जी जागा ते दाखवतील तिचे फोटो काढावेत आणि पणजीला पुरातत्त्व खात्याला पाठवावेत, त्यांचा माणूस येऊन बघेपर्यंत मशीन थांबवावं. खात्यानंही गावोगावच्या अशा जागांची यादी करायला घ्यावी. आमच्या ढिगाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. शेजारच्या वाड्यावर अशीच एक जागा अजून शिल्लक आहे, तिचे फोटो मी या आठवड्यात पाठवतोय.

आपला,
एक वाचक, सत्तरी