क्रीडांगणाचा ठराव मंजूर करण्याआधी

महोदय,

मुलांच्या क्रीडासुविधांवर सार्वजनिक पैसा खर्च करावा की नाही, यावर महापालिकेच्या सभागृहात तासन्‌तास चर्चा होते. खर्च करायलाच हवा. खरी चर्चा व्हायला हवी ती अंदाजपत्रकावर. त्यात बांधकामाची एकेक बाब मोजून मांडलेली असते आणि देखभालीपुढे एक ठोक आकडा, नाहीतर नुसती रेघ.

आधी जागेचे पाहू. आठ लेनच्या ४०० मीटर धावमार्गाला साधारण १७७ बाय ९३ मीटर, म्हणजे चार एकरांहून थोडी अधिक जागा लागते, प्रेक्षागृह वेगळे. याउलट १०० मीटरची सहा लेनची सरळ धावपट्टी, सुरुवातीला ३ आणि शेवटी १७ मीटर मोकळे सोडूनही, १२० बाय साडेसात मीटरमध्ये बसते. भोवतीच्या मोकळ्या जागेसह बास्केटबॉलला ३२ बाय १९ आणि व्हॉलीबॉलला २४ बाय १५ मीटर पुरतात. या तिन्हींची बेरीज अर्धा एकरही भरत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल घरापासून चालत जाईल तेवढ्याच अंतरावर रोज खेळते, त्यामुळे शहराच्या टोकाला एक संकुल उभारण्यापेक्षा वस्तीवस्तीत अशी छोटी मैदाने केव्हाही बरी. अर्थात, कोनशिलेसाठी संकुलच शोभून दिसते!

कृत्रिम हिरवळीचा मोह सध्या सगळ्यांनाच आहे. तिच्यावर दिवसभर खेळता येते, हे खरेच. पण ती साधारण आठ-दहा वर्षांत झिजते आणि पूर्ण गालिचा बदलावा लागतो. म्हणून गालिच्याच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी वेगळ्या खात्यात टाकण्याची अट ठरावातच हवी. धाग्यांमध्ये भरलेले रबराचे दाणे पायांनी सरकत राहतात; नियमित ब्रश फिरवून ते पसरले नाहीत, की गोलसमोरची जागा कडक होते आणि पडणाऱ्या मुलाला तिथेच मार बसतो. शिवाय कडक उन्हात हा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापू शकतो.

नैसर्गिक गवत चालेल, पण त्याला विश्रांती द्यावी लागते. त्याहूनही महत्त्वाचा पाण्याचा निचरा. मैदानाला मध्यापासून कडेकडे शेकडा एक उतार द्यावा, म्हणजे ३० मीटरला ३० सेंटिमीटर. खाली खडी भरलेल्या चरांत सच्छिद्र पाइप आणि त्यांच्यावर वाळूमिश्रित मातीचा थर हवा. ठेकेदार बऱ्याचदा वर चिकण माती ओततो. मग खालचे पाइप कितीही चांगले असोत, पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून वरचा थर पडण्याआधी चरांची तपासणी व्हावी आणि एक पूर्ण पावसाळा पाहिल्याशिवाय अनामत रक्कम परत करू नये.

काँक्रीटच्या कोर्टवर रंगाचे पापुद्रे सुटतात, त्याचे कारण बहुधा घाई. काँक्रीटला किमान २८ दिवस मुरू द्यावे लागते. आत ओल असताना ॲक्रिलिक थर दिला तर तो फुगून निघतो. पण उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असते.

दिव्यांचे थोडक्यात. फुटबॉलच्या सरावाला ७५ लक्स, स्थानिक सामन्यांना २०० लक्स उजेड पुरतो. निविदेत ५०० लक्स लिहिले असेल तर कोणत्या स्पर्धेसाठी, हे नगरसेवकांनी विचारावे. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला जखडलेले नसतील तर मुले लोंबकळताच उलटतात आणि जीव जाऊ शकतो, तेव्हा जखडण्याचे साहित्य खरेदीच्या यादीतच असावे. आणि मुलींसाठी कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे. ते नसेल तर मुली खेळायला येणे सोडतात.

शेवटी, मैदान चालवायला खासगी संस्थेला द्यायचे असेल तर ‘रोज काही तास मोफत’ असे मोघम कलम चालणार नाही. ते तास दुपारी एकचे निघतात. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या वेळेत कोणते मैदान कोणत्या वयोगटासाठी मोफत राहील, याचे वारनिहाय वेळापत्रक करारालाच जोडावे आणि ते प्रवेशद्वारावर लावावे. मतदानाआधी हे वेळापत्रक सभागृहाच्या पटलावर आले पाहिजे.

– एक वाचक