सूचना: धबधब्याच्या सहलीला येणाऱ्या सर्व सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

सहलीत आधी धबधबा आणि मग जवळचं गाव, हाच क्रम ठेवू या. सकाळी गर्दी कमी असते, आणि ऊन पाठीवर असलं की तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. ते चुकवू नका!

पाण्याकडे मात्र सतत लक्ष हवं. आपल्याकडे लख्ख ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो तसाच सोडून ताबडतोब उंचावर या. धारेखाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगडही येतात. फेसाळ डोहात हवा मिसळलेली असल्याने चांगला पोहणाराही नीट तरंगत नाही, म्हणून डोहात कोणीही उतरायचं नाही. ओल्या शेवाळावर चपला टिकत नाहीत. पकड असलेले बूटच घाला.

गावात फिरायचं ते पायीच. छोट्या गल्ल्या गाडीतून दिसत नाहीत. संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून ठेवा.

सामान एका पाठपिशवीत मावेल एवढंच. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. गुडघेदुखी, दमा असा काही त्रास असेल तर निघण्याआधी गटप्रमुखांना जरूर सांगा.