आण्णांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकावं का?

कील, जर्मनी
९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा मेसेज वाचला. दुकानदार म्हणतो, आण्णांचा कॉम्प्युटर आता भंगारात काढा, नवा घ्या. आणि आण्णा म्हणतात, चालणारी वस्तू मी टाकणार नाही. दोघांच्या मध्ये तू. ‘ते तुझं फुकटचं लिनक्स घातलं तर?’ असं तू विचारलंस. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, पण खुली, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येत नाही. तिकडे कुकरच्या शिट्ट्या, इकडे माझी बस. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. आण्णांना चालेल. वहिनींना चालणार नाही. ओंकारचं त्याचा तो बघेल.

दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि आण्णांचा आय-थ्री प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे त्याच्या बराच आधीचा आहे. त्यामुळे सरळ मार्गाने ते त्यावर बसणार नाही. एक वर्षाची मुदतवाढ आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्ज त्यात साठवायला दिल्या तर पैसे पडत नाहीत. पण हे सगळं कंपनीच्या अपडेटचं झालं. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नाही. मशीन धडधाकट असताना ते भंगार म्हणायचं, हे आण्णांना पटत नाही, मलाही पटत नाही.

इथे या विषयावर बरंच काही चाललंय. कील ही श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याची राजधानी. इथल्या सरकारने २०२४ मध्ये ठरवलं की सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे ३०,००० कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढायचं आणि त्याच कामाचं, पण खुलं आणि फुकट असलेलं लिबरऑफिस घालायचं. गेल्याच महिन्यात त्यांनी ४० हजारांवर मेल खाती नव्या, खुल्या व्यवस्थेत हलवली. विंडोज काढून लिनक्स घालायचा नंबर त्यानंतरचा. हे पैसे वाचवायला चाललंय असं नाही, निदान तेवढंच नाही. उद्या परदेशी कंपनीने दर वाढवले, अटी बदलल्या, तर राज्यकारभार अडू नये, हा त्यांचा हिशोब.

पण याच देशात म्युनिकची गोष्टही आहे, ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होणार नाही. म्युनिकच्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्की करायची सुटी मध्येच सोडून महापौरांना भेटायला धावले होते! तरी पालिका मागे हटली नाही. दहा वर्षं खपून जवळपास १५,००० मशीन बदलली. आणि २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी परत विंडोजवर जायचा ठराव केला. लिनक्स बिघडलं म्हणून तसं झालं, असं म्हणणारे इथे आहेत. राजकारण होतं म्हणणारेही आहेत. मला दोन्हींत थोडं थोडं तथ्य दिसतं. बाहेरून येणाऱ्या फाइली नीट न उघडणं, आणि कुठे अडलं की विचारायचं कुणाला याचा घोळ, या कुरबुरी खऱ्याच होत्या.

आपल्या घरात गाडी अडेल तर ती याच दोन ठिकाणी. फुकट मिळतं हा मुद्दा तर आपल्याकडे चालतच नाही. सांगलीत विंडोज विकत घेतलेला माणूस मला दाखव! दुकानदार तीन-चारशे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ देतो, त्यात विंडोज, ऑफिस, सगळं क्रॅक केलेलं. लिनक्सवाले फुकट-फुकट म्हणून ओरडतात तेव्हा आपला माणूस मनात म्हणतो, मग आमचंही फुकटच आहे की. फरक एवढाच की त्या क्रॅकबरोबर आणखी काय आत आलं ते दुकानदारालाही ठाऊक नसतं.

गेल्या महिन्यात इथल्या एका रिपेअर कॅफेत गेले होते. हा प्रकार २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाला आणि आता जर्मनीत गावोगाव आहे. लोक बिघडलेले टोस्टर, रेडिओ, सायकली घेऊन येतात आणि हौशी मंडळी त्यांच्याबरोबर बसून दुरुस्त करतात, फुकट. हल्ली एक टेबल फक्त विंडोज १० वाल्यांचं असतं. माझ्या पुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, मांडीवर जुना लॅपटॉप. टेबलावरच्या मुलाने लॅपटॉप उघडलाच नाही आधी. कोरा कागद घेतला आणि विचारलं, ‘तुम्ही यावर काय काय करता?’ बाई सांगत गेल्या: मेल, नातवंडांचे फोटो, बँक, पत्त्यांचा डाव, आयकराचा फॉर्म. तो प्रत्येकापुढे खूण करत गेला. मग त्या म्हणाल्या, ‘आणि माझं भरतकामाचं मशीन.’ त्याचा हात थांबला. त्या मशीनचं नक्षी बनवायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. त्याने सरळ सांगितलं की विंडोज पुसू नका. डिस्कचे दोन भाग करू. एकात लिनक्स, रोजच्या वापराला. दुसऱ्यात जुनं विंडोज राहील, फक्त भरतकामापुरतं, इंटरनेट न जोडता. बाई खूश. मला तो मुलगा फार आवडला, कारण त्याने एकदाही लिनक्सची आरती ओवाळली नाही.

तोच कागद मी आपल्या घरासाठी केला.

आण्णा काय करतात? सकाळी ई-पेपर, यूट्यूबवर कीर्तनं, बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनचं काम, आणि त्यांच्या संघटनेच्या सभेची पत्रं टाइप करणं. यातलं पत्रं सोडून बाकी सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवरही हुबेहूब तसंच चालतं. व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप तिथे नाही, पण ब्राउझरमधलं चालतं. मिंट नावाचं लिनक्स घ्या. डाव्या कोपऱ्यात खाली मेन्यू, उजवीकडे घड्याळ, आण्णांना फारसं परकं वाटणार नाही. मिंटमध्येही ‘एक्सएफसीई’ लिहिलेली आवृत्ती, ती हलकी असते, ४ जीबी रॅमवर बरी चालते. सध्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पण दादा, हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घे. कॉम्प्युटर ‘म्हातारा झाला’ असं जे वाटतं, त्यातला निम्मा दोष त्या फिरत्या डिस्कचा असतो.

एक फायदा आण्णांना नक्की सांग. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात आणि मग ते घाबरून तुला हाका मारतात. ते व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात. लिनक्सवर ते नुसते मेलेल्या फाइलीसारखे पडून राहतात. अर्थात, बँकेतून बोलतोय म्हणून कुणी ओटीपी मागितला तर लिनक्स काही मध्ये पडत नाही. आणि कुणी अनोळखी माणसाने ‘एनीडेस्क टाका’ म्हटलं (त्याने लांबूनच आपला कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो) तर फोन ठेवून द्यायचा, हे पुन्हा एकदा त्यांच्या कानावर घाल.

आता पत्रांचं. इथे खरी गोम आहे. आण्णांची जुनी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत नाहीत, जुन्या पद्धतीच्या फाँटात आहेत. त्यात कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट नसला की ‘सभासद बंधूंनो’च्या जागी नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते. तो फाँट लिनक्समध्ये नेऊन टाकता येतो, जुनी पत्रं वाचता येतील. पण त्या फाँटात टाइप करायचा कळफलकाचा प्रोग्राम विंडोजचा आहे, तो विसरा. नवी पत्रं युनिकोडमध्येच लिहावी लागतील. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठीचा प्रमाण कळफलक आहे, रोमनवरून उच्चाराप्रमाणे लिहायचीही सोय आहे. आण्णा कुरकुर करतील. पण हा बदल त्यांना विंडोज ११ वरही करायलाच हवा. त्यांचं पत्र व्हॉट्सॲपवर चिकटवलं की भेळ होते ती याचमुळे.

दुसरं, लिबरऑफिसमध्ये वर्डची फाइल उघडते, पण तंतोतंत नाही. विंडोजचा मंगल फाँट तिथे नसतो, त्याच्या जागी दुसरा येतो, आणि एका पानात बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर दोन ओळी सांडतो. नेमकी ‘आपला विश्वासू’ आणि सही पुढच्या पानावर! यावर उपाय म्हणजे बाहेर पाठवताना पीडीएफच करायची.

वहिनींच्या मशीनला मात्र कुणालाही हात लावू देऊ नकोस. त्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, विंडोजचं आहे. जुगाड करून लिनक्सवर चालवणारे लोक असतात, पण पतसंस्थेची वर्षअखेर जुगाडावर काढायची नसते. जीएसटीसाठी ती डिजिटल सहीची यूएसबी लागते, तिची लिनक्सवर चिकाटीची परीक्षाच असते. आणि मशीन अडलं तर त्यांचे चार क्लायंट दारात उभे राहणार. त्यांच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणि पैसे मोजून घेतलेलं विंडोज, हा खर्च धंद्याचा खर्च समज. त्यात कंजुषी नको.

ओंकारला लिनक्स शिकायला आवडेल, पण तो व्हॅलोरंट हा गेम खेळतो आणि ते तिथे चालत नाही, त्यामुळे तो दोन्ही ठेवेल. एमएस-सीआयटीला विंडोजच लागेल. पण मुलाला दोन्ही येऊ दे. केरळच्या सरकारी शाळांत गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात आणि तिथल्या मुलांचं काही अडलेलं दिसत नाही. आपल्याकडे हे का झालं नाही, यावर मी एकदा तासभर बोलले होते, तू झोपला होतास.

राहिला मुख्य प्रश्न. अडलं तर विचारायचं कुणाला? आपला दुकानदार लिनक्सचं नाव काढलं की म्हणणार, ‘हे मी घातलेलं नाही, मला माहीत नाही.’ आणि दोन मिनिटांत विंडोज टाकून देईल. ओंकार घरात आहे आणि लांबून स्क्रीन बघायला मी आहे, म्हणूनच मी आण्णांसाठी हो म्हणते आहे. मागच्या गल्लीतल्या जोशीकाकूंनी विचारलं तर मी नको म्हणेन. त्या एकट्या आहेत, त्यांचं मशीन कितीही जुनं असलं तरी.

करायचं ते असं. आण्णांच्या सगळ्या फाइली आणि आईचे फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. ओंकारला पेन ड्राइव्हवर मिंट उतरवायला सांग. त्यावरूनच कॉम्प्युटर चालू करता येतो, आतलं काही पुसलं जात नाही. आण्णांना आठवडाभर तसंच वापरू दे. जरा हळू चालेल, ते सांगून ठेव. प्रिंटर चालतो का ते पहिल्याच दिवशी बघ. तो जुना लेझर जरा हट्टी आहे, तो अडला तर सगळा बेतच बदलावा लागेल. आठवड्यानंतर आण्णा ‘बरं आहे’ म्हणाले तरच एसएसडी आण.

रविवारी तुमचे दुपारचे चार म्हणजे माझे साडेअकरा, तेव्हा फोन करते. आई-आण्णांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझी,
मनू

ता. क. आण्णांच्या डेस्कटॉपला वायफायचा छोटा डोंगल आहे, तो लिनक्सला ओळखू येईलच असं नाही. नाही आला तर तुझा मोबाइल केबलने जोड आणि त्यातलं यूएसबी टेदरिंग चालू कर, तेवढ्यापुरतं इंटरनेट मिळतं.