पाटीवर काय लिहायचं?

प्रिय मित्रा,

शाळेमागची ती खोली आठवते ना? गुरुजी दर शनिवारी तिथली पुस्तकांची पत्र्याची ट्रंक उघडायचे आणि आधी कुणी हात घालायचा यावरून आपण दोघं भांडायचो. त्या खोलीत आता कपाटं आली, दोन पंखे आले आणि लवकरच दारावर पाटी लागणार आहे. पाटीवर काय लिहायचं यावरून परवाच्या बैठकीत तासभर वाद झाला. तरुण मुलं म्हणाली, 'लायब्ररी' लिहा, सगळे तेच म्हणतात. वडीलधाऱ्यांचं मत 'ग्रंथालय'. महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात 'सार्वजनिक ग्रंथालय' असाच शब्द आहे, पुढेमागे अनुदानाचा अर्ज करायचा तर तेच बरं. मी बैठकीत गप्प राहिलो, पण रात्री शब्दकोश काढून बसलो. तेव्हापासून तुला लिहिल्याशिवाय चैन नाही.

'लायब्ररी'च्या मुळाशी लॅटिनमधला 'लिबेर' आहे. त्याचा जुना अर्थ झाडाच्या सालीचा आतला पापुद्रा. फार पूर्वी माणसं त्यावर लिहीत असं रोमन लोक मानत, आणि त्याच शब्दाला पुढे 'पुस्तक' असा अर्थ आला. हे वाचलं आणि मला आपलं भूर्जपत्र आठवलं. तीही सालच! काश्मीरकडे त्यावर पोथ्या लिहिल्या गेल्या, दक्षिणेत ताडाच्या पानावर. आत्ता मी तुला जे लिहितोय त्याला आपण 'पत्र' म्हणतो, म्हणजे मूळचं झाडाचं पानच. इतक्या लांबच्या माणसांनाही लिहिताना झाडच आठवावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

'लायब्ररी' इंग्रजीत आली ती फ्रेंचमधून, पण आजच्या फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. पोर्तुगीज 'लिव्रारिया'चंही तसंच. तुला हे सांगायला मी उतावीळ झालो होतो, कारण तुझ्या पणजीतलं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 साली सुरू झालं ते 'पब्लिका लिव्रारिया' या नावानं. आज ते नाव ऐकून तिथला एखादा पोर्तुगीज पाहुणा पुस्तकं विकत घ्यायला येईल! पुढे त्याचं 'बिब्लियोतेका' झालं, आणि आता त्याला कृष्णदास शामांचं नाव आहे, सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्र सांगणाऱ्या गोमंतकीयाचं. तू रोज त्या दारावरून जातोस, मला तुझा हेवा वाटतो.

'बिब्लियोतेका' मूळचा ग्रीक शब्द. 'बिब्लियोन' म्हणजे पुस्तक, आणि 'थेके' म्हणजे पेटी. पुस्तकांची पेटी! म्हणजे आपल्या गुरुजींची ट्रंक ही अगदी शब्दशः बिब्लियोतेकाच होती. सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना 1910 साली बोलावलं, तेव्हा खेड्यांकडे पुस्तकं निघाली तीही लाकडी पेट्यांतूनच. वाचक शहरात येऊ शकत नसेल तर पेटीनं त्याच्याकडे जावं, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

आता 'ग्रंथालय'. ग्रंथ हा शब्द 'ओवणे, बांधणे' या अर्थाच्या धातूवरून आला. ग्रंथी म्हणजे गाठ, तीही तिथलीच. ताडपत्रांना भोकं पाडायची, त्यांतून दोरा ओवायचा, वर-खाली फळ्या ठेवून गाठ मारायची. शब्द देखणाच आहे. पण आपल्या गावात 'ग्रंथ' म्हटलं की लोक चपला काढतात. ग्रंथ म्हणजे पारायणाला लावायचा, सोवळ्यात ठेवायचा. खालच्या आळीतली पोरं धिंगाणा घालत आत यावीत, कोपरा दुमडलेलं गोष्टीचं पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसावीत, असं मला वाटतं. त्या पाटीखालून ती बिचकत येतील.

म्हणून मला 'वाचनालय' हवं. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं 1848 साली 'नेटिव जनरल लायब्ररी' निघाली, तिचं आज 'पुणे नगर वाचन मंदिर' झालंय. त्या बदलाकडे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं. लिबेर ही साल, थेके ही पेटी, ग्रंथ ही गाठ. हे सगळे शब्द वस्तूचे. 'वाचन' तेवढं माणसाचं काम सांगतं. त्याचा धातू 'वच्', म्हणजे बोलणे, आणि संस्कृतात 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. वाचणारा अक्षरांना बोलायला लावतो! माझी आई श्रावणात ओसरीवर पोथी वाचायची आणि आळीतल्या बायका वाती वळत ऐकायच्या, ते आठव. त्यातल्या निम्म्या बायकांना अक्षरओळख नव्हती, तरी त्या ओसरीवर पुस्तक त्यांच्याशी बोलत होतं. म्हणून भिंतीवर 'शांतता राखा' लिहायचं चाललंय त्यालाही मी विरोध करणार आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ तरी मोठ्यानं वाचायची ठेवू.

अनुदानाच्या कागदावर 'ग्रंथालय' खुशाल असू दे. दारावरच्या पाटीसाठी मात्र रविवारच्या बैठकीत मी हट्ट धरणार आहे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एका मोठ्या कागदावर 'वाचनालय' एवढंच ठळक काढून पाठव. रंगारी म्हणाला, नमुना दिला तर तो हुबेहूब गिरवून देईल. 'ल'चा गोळा गुरुजी काढायचे तसा मोकळा काढ.

तुझा,
ट्रंकेतला भागीदार