लिबर्टी पार्कातलं बंद स्टेशन

मा. संपादक,

सध्या मुलीकडे जर्सी सिटीला आलोय, ती कामाला गेली की आम्ही दोघं लिबर्टी स्टेट पार्कात. पाण्यापलीकडे न्यूयॉर्कच्या बिल्डिंगा, आणि स्वातंत्र्यदेवीची चक्क पाठ, कारण या बाजूने तिचं तोंड दिसतच नाही! लोक सायकली मारतात, मासे पकडतात. पण मी रमतो ते जुन्या रेल्वे टर्मिनसमध्ये, १८८९ चं, म्हणजे आपल्या व्हीटीच्याच वयाचं. एलिस आयलंडवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या शेजारच्या बेटावर, उतरलेली बरीचशी परदेशी माणसं बोचकी घेऊन इथूनच गाड्यांनी देशभर गेली. १९६७ ला स्टेशन बंद पडलं, आता रूळ गेलेत नि शेडखाली झाडंझुडपं माजलीत, तरी बघत राहावंसं वाटतं.

जवळच ब्लॅक टॉम नावाच्या धक्क्यावर १९१६ च्या जुलैत जर्मन हस्तकांनी दारूगोळा उडवला, पुतळ्यालाही तुकडे लागले, तेव्हापासून मशालीत वर जायला बंदी ती आजतागायत. नंतर रेल्वेच्या पडीक यार्डांचा काही भाग साफ करून १९७६ ला पार्क उघडलं. फक्त पाण्याकाठी सावली कमी हो, दुपारी टोपी लागतेच.

– एक वाचक, ठाणे (सध्या मुक्काम जर्सी सिटी)