नुसत्या उलाढालीचं काय करायचं?

संपादक महोदय,

गृहोद्योग करणाऱ्या महिलांच्या यशकथा आपल्या पुरवणीत नेमाने येतात, त्याचा आनंदच आहे. पण प्रत्येक कथेत आकडा एकच: महिन्याची उलाढाल. तो वाचून एखादी कर्ज काढून पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) घेते, म्हणून हे पत्र.

मी कोल्हापुरात चटणी-मसाला, पापड, लोणची करणाऱ्या काही जणींचे हिशेब लिहिते. ऑनलाइन विक्रीचा डॅशबोर्ड मोबाइलवर उघडला की त्यांनाही तोच आकडा सगळ्यात वर आणि ठळक दिसतो, शेजारी हिरवा बाण.

समजा, पाव किलो कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट करासह २१० रुपयांना आहे. शंभर पाकिटं गेली की डॅशबोर्ड २१,००० दाखवतो. त्यात पाच टक्के जीएसटीचे हजार रुपये आहेत, ते सरकारचे. आठ पाकिटं गिऱ्हाइकांनी परत केली किंवा दारात घेतलीच नाहीत. उरलेल्या ९२ पाकिटांची, कर सोडून, निव्वळ विक्री १८,४०० रुपये. मिरची, खोबरं, लसूण, तेल, कांडप आणि पाकीट धरून नगाला १३० रुपये खर्च आला, तर ढोबळ नफा ६,४४० रुपये, म्हणजे ३५ टक्के. परत आलेली पाकिटं फुटकी असतील तर त्यांचे १,०४० रुपयेही खर्चात घालायचे. मग उरतात ५,४००, जेमतेम २९ टक्के. कमिशन, कुरिअर, जाहिरात यातूनच जायची असतात. बाईची स्वतःची मजुरी तर कुणी धरतच नाही!

काही जणी बँकेत जमा झालेली रक्कम हीच निव्वळ विक्री समजतात. तेही बरोबर नाही. ऑनलाइन विक्री करून देणारी कंपनी कमिशनबरोबर जीएसटीतला टीसीएसही (विक्रीच्या जागीच गोळा होणारा कर), निव्वळ विक्रीच्या अर्धा टक्का, कापून घेते. तो खर्च नव्हे, आपल्या जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे कर भरायच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा होणारा पैसा आहे. उलट, खात्यात आलेल्या रकमेत आपल्याला भरायचा कर मिसळलेला असतो.

माझी खरी तक्रार मात्र डॅशबोर्डवरच्या ‘कॉस्ट’च्या, म्हणजे नगामागच्या खर्चाच्या, रकान्याबद्दल आहे. माल नोंदवताना एकदा खर्च भरला की पुढे त्याकडे कुणी बघत नाही. मसाल्याच्या धंद्यात हे कसं चालेल? मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजारात मिरचीचे दर इतके पडले की चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या आवारात गाड्या पेटवल्या. अशा वर्षी जुना खर्च तसाच राहिला तर मार्जिन आहे त्याहून कमी दिसतं. दर चढले की उलटं होतं: पडद्यावर ३५ टक्के झळकत असतात आणि पुढची मिरची भरायला पैसे नसतात. मी प्रत्येक नव्या खरेदीनंतर हा रकाना बदलायला लावते. “ताई, एवढ्यासाठी कशाला?” अशी कुरकुर होते, होऊ दे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या यशकथेत उलाढालीशेजारी आणखी दोन आकडे विचारून छापावेत: कर आणि परत आलेला माल वजा जाता निव्वळ विक्री किती, आणि तिच्यावर ढोबळ नफा किती टक्के. कुणी सांगायला तयार नसेल, तर ‘सांगितले नाही’ असं छापलं तरी चालेल.

– एक हिशेबनीस, कोल्हापूर